क्लोरिनची मात्रा आणि चुकवलेला खर्च

क्लोरिन मिसळलेल्या पाण्याने कर्करोग होतो, हे विधान शास्त्रीय नियतकालिकांच्या पानांतून बाहेर पडून आता घरोघरी पोहोचले आहे. ते पोहोचविण्याचे काम आरोग्यखात्याने केलेले नाही. पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणाऱ्यांनी केले आहे. त्यामुळे त्यातील सत्य आणि भीती यांची पुरती सरमिसळ झाली आहे. समाजवादी कार्यकर्त्यांतही याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. महापालिका जनतेला विष पाजते आहे, अशी घोषणा मोर्चात द्यावी, असे काहींना वाटते. उलट, ज्या देशात हगवणीने आणि काविळीने माणसे दगावतात तेथे पन्नास वर्षांनी होऊ शकणाऱ्या कर्करोगाची चिंता ही सुखवस्तूंची चैन आहे, असे इतर काही जण म्हणतात. दोन्ही मते चुकीची आहेत आणि दोहोंतील चूक एकाच जातीची आहे. दोघांचेही लक्ष क्लोरिनवर आहे. ते ज्या पाण्यात टाकावे लागते त्या पाण्याकडे दोघेही पाहत नाहीत.

सार्वजनिक पाणीपुरवठ्यात क्लोरिन आले कसे, याचा इतिहास या दृष्टीने मोठा बोलका आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी या शहरासाठी एका खाजगी कंपनीने रॉकअवे नदीवर बूनटन येथे धरण बांधले. पाणी शुद्ध आणि आरोग्यास हितकर असावे, अशी करारात अट होती. नदीच्या वरच्या अंगाला वसलेल्या गावांचा मैला धरणात येतो, सबब कराराचा भंग झाला आहे, असा दावा शहराने न्यायालयात गुदरला. १९०८ साली न्यायालयाने कंपनीपुढे दोन पर्याय ठेवले : त्या गावांसाठी गटारे बांधून मैला अन्यत्र न्यावा, किंवा तितकाच परिणामकारक असा दुसरा उपाय योजावा. गटारांचे काम खर्चाचे होते. कंपनीचे सल्लागार डॉ. जॉन लील यांनी दुसरा उपाय काढला. पाण्यात ब्लीचिंग पावडर मिसळण्याचा. २६ सप्टेंबर १९०८ पासून दररोज सुमारे चार कोटी गॅलन पाण्यात ती मिसळली जाऊ लागली. शहराने याही उपायाला आक्षेप घेतला. परंतु १९१० साली तो ग्राह्य ठरला. पुढील काही वर्षांत अमेरिकेतील शहरामागून शहराने त्याचे अनुकरण केले आणि विषमज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले.

डॉ. लील यांचे कार्य थोर होते, याविषयी शंका नको. त्यांच्या उपायाने जगभर वाचलेल्या जीवांची मोजदाद करणे अशक्य आहे. तथापि त्या खटल्याची दुसरी बाजू अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने टिपून ठेवावी अशी आहे. नदीत मैला सोडणारी गावे तो सोडतच राहिली. गटारांचा खर्च ज्याच्या माथी बसावयाचा तो त्यातून सुटला आणि नदीच्या खालच्या अंगाला एक स्वस्त रसायन टाकून काम भागविण्यात आले. क्लोरिनचा प्रवेश असा गटाराच्या बदली म्हणून झाला. हा अदलाबदलीचा व्यवहार पुढे इतका अंगवळणी पडला, की तो व्यवहार आहे याचाच विसर पडला.

या स्वस्त रसायनाची दुसरी किंमत सहासष्ट वर्षांनी उघडकीस आली. रॉटरडॅमच्या पाणीपुरवठा संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ योहानेस रोक यांनी १९७४ साली असे दाखवून दिले, की नदीच्या पाण्यात क्लोरिन मिसळल्यावर क्लोरोफॉर्म आणि त्याच्या कुळातील इतर संयुगे तयार होतात. ती मूळ पाण्यात नसतात. अमेरिकन सरकारच्या सिनसिनाटी येथील प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञही त्याच वर्षी त्याच निष्कर्षाला पोहोचले. कुजलेला पालापाचोळा, शेवाळ, माती आणि मैला यांतून जी सेंद्रिय द्रव्ये पाण्यात विरघळतात त्यांच्याशी क्लोरिनचा संयोग होतो. त्यातून निपजणाऱ्या चार संयुगांना मिळून ट्रायहॅलोमिथेन म्हणतात. त्यांच्या जोडीला हॅलोॲसेटिक आम्ले असतात आणि आजवर ओळखलेल्या अशा उपपदार्थांची एकूण संख्या सातशेच्या वर गेली आहे. पाणी जितके उष्ण, सेंद्रिय मळ जितका अधिक, क्लोरिनची मात्रा जितकी मोठी आणि दोहोंचा सहवास जितका लांब, तितके हे पदार्थ वाढतात.

यांपासून धोका किती? क्लोरोफॉर्मच्या मोठ्या मात्रेने प्रयोगशाळेतील उंदरांना कर्करोग होतो, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९७६ साली जाहीर केले. १९७९ साली त्या देशाने मोठ्या पाणीपुरवठ्यांसाठी ट्रायहॅलोमिथेनची मर्यादा लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम ठरविली आणि १९९८ साली ती ८० वर आणली. माणसांवरील अभ्यासांत सर्वांत सातत्याने आढळलेला संबंध मूत्राशयाच्या कर्करोगाशी आहे. युरोपातील २६ देशांच्या आकडेवारीवर आधारलेला आणि २०२० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास असे सांगतो, की हा संबंध कार्यकारणाचा मानला तर तेथे दरवर्षी होणाऱ्या मूत्राशयाच्या कर्करोगांपैकी सुमारे पाच टक्के, म्हणजे साडेसहा हजारांच्या आसपास रुग्ण, या पदार्थांच्या खात्यावर टाकावे लागतील. 'कार्यकारणाचा मानला तर' हे शब्द वगळून हा आकडा सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्लोरोफॉर्मला संभाव्य कर्ककारक द्रव्यांच्या गटात घातले आहे. परंतु १९९१ साली क्लोरिनयुक्त पाण्याचा एकंदर विचार करताना तिने पुरावा अपुरा ठरविला होता. तात्पर्य, हा धोका काल्पनिक नाही आणि प्रचंडही नाही. तो लहान आहे. मात्र शहरातील प्रत्येक माणसाला जन्मभर, रोज, पिण्यातून आणि गरम पाण्याने अंघोळ करताना वाफेतून व त्वचेतून भेटणारा आहे. लहान धोका लाखो लोकांवर पसरला की तो खाजगी राहत नाही.

मग क्लोरिन बंद करावे काय? या प्रश्नाचे उत्तर कार्यकर्त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत द्यावयास हवे : मुळीच नाही. १९९१ साली पेरूमध्ये पटकीची साथ उसळली. त्या एका वर्षात तीन लाखांहून अधिक लोकांना लागण झाली आणि तीन हजारांच्या आसपास माणसे मेली. तेथील अधिकाऱ्यांनी ट्रायहॅलोमिथेनच्या धास्तीने क्लोरिन टाकणे सोडले होते, अशी एक कथा तेव्हा पसरली. साथीचा अभ्यास करणाऱ्यांनी ती बहुतांशी खोडून काढली. मोडकळीला आलेले नळ, खंडित पुरवठा आणि कर्जबाजारी शासनाची रिकामी तिजोरी ही खरी कारणे होती. (ती कथा पुढेही सर्वाधिक उत्साहाने सांगत राहिले ते क्लोरिन उद्योगाचे प्रचारक, हे येथे नमूद करण्यास हरकत नाही.) पेरूपर्यंत जाण्याचीही गरज नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची जी साथ आली तिचे मूळ पंचगंगेच्या मैलायुक्त पाण्यात होते आणि ती भोगली यंत्रमागावर राबणाऱ्या वस्त्यांनी. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात हातपाय लुळे पाडणाऱ्या गुइलाँ-बारे विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले आणि त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या जंतूंचा माग तेथे लागला. महापालिकेत नव्याने ओढून घेतलेल्या गावांना शुद्धीकरण केंद्रातून न जाणारे पाणी विहिरीत क्लोरिन मिसळून पाजले जात होते, हे त्या निमित्ताने उजेडात आले. हद्दवाढ झाली, घरपट्टी लागू झाली, इमारती उठल्या. शुद्धीकरण केंद्र मात्र आले नाही.

क्लोरिन कमी पडणे आणि त्याचे उपपदार्थ वाढणे या दोन आपत्ती परस्परविरोधी आहेत, असे वरवर वाटते. वस्तुतः त्या एकाच दुर्लक्षाच्या पोटी जन्मतात, आणि याचे सर्वांत विदारक उदाहरण जगातील सर्वांत श्रीमंत देशानेच पुरविले आहे. मिशिगन राज्यातील फ्लिंट हे मोटारींच्या कारखान्यांवर वाढलेले आणि ते कारखाने निघून गेल्यावर कंगाल झालेले शहर. वस्ती सुमारे एक लाख, बहुसंख्य कृष्णवर्णीय. शहराचा कारभार निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या हातून काढून राज्याने नेमलेल्या प्रशासकाकडे दिला होता. (महाराष्ट्रातील महानगरपालिका २०२२ नंतर दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होत्या, तेव्हा या शब्दाचा अर्थ येथील वाचकांना समजावून सांगावयास नको.) काटकसर म्हणून एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉइटकडून येणारे शुद्ध पाणी बंद करून फ्लिंट नदीचे पाणी घेण्यात आले. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यात मैल्याचे जंतू सापडले, म्हणून क्लोरिन वाढविले गेले. ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सने यंत्रांचे भाग गंजतात म्हणून आपल्या कारखान्यापुरते ते पाणी बंद करून घेतले. माणसांना तशी मुभा नव्हती. जानेवारी २०१५ मध्ये नागरिकांच्या हाती नोटीस पडली : पाण्यातील ट्रायहॅलोमिथेनचे प्रमाण कायदेशीर मर्यादेच्या वर गेले आहे. शिशाच्या ज्या विषबाधेमुळे फ्लिंट जगभर गाजले तिची सरकारी कबुली त्यानंतर आली. गंजरोधक द्रव्य मिसळण्याचा रोजचा खर्च शे-दीडशे डॉलरच्या घरात होता. तो वाचविला गेला. त्याच काळात लीजिओनेअर्स या न्यूमोनियासारख्या रोगाने किमान बारा माणसे दगावली. ऑक्टोबर २०१५ मध्ये डेट्रॉइटचे पाणी पुन्हा सुरू झाले आणि २०२१ साली न्यायालयाने सुमारे ६२ कोटी ६० लक्ष डॉलरच्या भरपाईस मान्यता दिली. फ्लिंटमध्ये ट्रायहॅलोमिथेनचा आकडा हा धोक्याची पहिली घंटा होता. ती घंटा कोणत्या रसायनाची आहे यापेक्षा ती का वाजते आहे, असे विचारण्याची बुद्धी अधिकाऱ्यांना झाली असती, तर पुढचा अनर्थ बराच टळला असता.

फ्लिंटमधील काटकसरीचा हिशेब आपल्याकडे दोन शहरांत वाटला गेला आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना आणि इंद्रायणी या नद्यांतून भीमेला मिळते व भीमेतून उजनीच्या जलाशयात उतरते. ते सारे शुद्ध करून सोडण्याची क्षमता या संपन्न नगरांनी वेळेवर उभी केली नाही. नदी शुद्धीकरणासाठी जपानी अर्थसाहाय्याचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला आणि नंतर तो प्रकल्प वर्षानुवर्षे रेंगाळला. मैल्यातील नत्र आणि स्फुरद यांवर उजनीत शेवाळ पोसते. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा थर चढतो. हेच पाणी शंभरावर किलोमीटरच्या जलवाहिनीने सोलापूरला जाते. शेवाळ म्हणजे सेंद्रिय द्रव्य. मैल्याबरोबर अमोनिया येतो आणि त्याच्या एका भागाचा निकाल लावण्यासाठी क्लोरिनचे आठ ते दहा भाग खर्ची पडतात. त्याशिवाय जंतुनाशनासाठी मोकळे क्लोरिन शिल्लकच राहत नाही. यमुनेत अमोनिया वाढला की दिल्लीची शुद्धीकरण केंद्रे बंद ठेवावी लागतात, ती याच कारणाने. वाटेचे अंतर लांब, हवामान उष्ण, आणि सोलापूरच्या नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी येत आल्यामुळे घरोघरी पिंपांत साठवण. ट्रायहॅलोमिथेनच्या निर्मितीला जी जी परिस्थिती अनुकूल, ती सगळी येथे एकत्र नांदते.

अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात : लाभ एकाचा, बोजा दुसऱ्यावर. पुण्यात बांधकामाचा नफा झाला. त्या वस्तीच्या मैल्याचा खर्च नदीवाटे सोलापूरच्या तुरटीत, क्लोरिनमध्ये आणि पाणीपट्टीत उतरला. त्यातून जो भाग उरतो, तो विड्या वळणाऱ्या बाईच्या आणि चादरी विणणाऱ्या कामगाराच्या शरीरात उतरतो. तो मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात दाखविला जात नाही.

याच्या उलट चित्र मुंबईचे आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०१९ साली शहरांच्या नळाचे पाणी तपासले तेव्हा मुंबईचे सगळे नमुने मानकांत बसले, दिल्लीचे सगळे नापास झाले. मुंबईचे श्रेय भांडुपच्या केंद्राइतकेच तानसा, मोडकसागर, भातसा, विहार, तुळशी यांभोवतालच्या जंगलाला आहे. पाणी मुळातच बऱ्यापैकी स्वच्छ येते, म्हणून औषध थोडे पुरते. त्या जलाशयांच्या शेजारील शहापूर तालुक्यातील आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसतात. हाही मुंबईच्या शुद्ध पाण्याचा एक बाह्य खर्चच होय. त्याचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा लागेल.

बाजाराने या प्रश्नावर आपले उत्तर तयार ठेवले आहे : बाटली घ्या, यंत्र घ्या. २००४ साली कोका-कोला कंपनीने ब्रिटनमध्ये 'दासानी' नावाचे बाटलीबंद पाणी आणले. ते लंडनजवळील नळाचेच पाणी होते. त्यावर ओझोनची प्रक्रिया करताना ब्रोमेट हा कर्ककारक उपपदार्थ कायदेशीर मर्यादेबाहेर तयार झाला आणि सुमारे पाच लाख बाटल्या परत घ्याव्या लागल्या. नळाच्या पाण्यात जे नव्हते, ते शुद्धीकरणाने आणले! घरगुती यंत्रांतील कोळशाची गाळणी क्लोरोफॉर्म काढते, हे खरे. पण ती वेळच्या वेळी बदलली तर. ती क्लोरिनही काढून टाकते, म्हणून त्यानंतर साठवलेले पाणी जंतूंपासून असंरक्षित राहते. 'आरओ' यंत्र एक लिटर पाणी देताना बहुधा त्याच्या दुपटी-तिपटीने पाणी मोरीत सोडते. ज्याच्या घरी पाणी चौथ्या दिवशी येते त्याला हा उपाय सुचविणे ही थट्टाच आहे. आणि मध्यमवर्ग एकदा स्वतःच्या यंत्रापुरता सुरक्षित झाला, की सार्वजनिक नळासाठी भांडणारा आवाज कमी होतो. या यंत्राची हीच सर्वांत मोठी किंमत आहे.

सार्वजनिक मार्गाने काय साधते हे रोक यांच्याच देशाने दाखविले. त्यांचा शोध नेदरलँड्सने गंभीरपणे घेतला. भूजल आणि किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांतून मुरविलेले पाणी, ओझोन, अतिनील किरण आणि कोळसा यांचा टप्प्याटप्प्याने वापर, व नळाची गळती पाच-सहा टक्क्यांच्या आसपास. या बळावर ॲमस्टरडॅमने १९८३ साली क्लोरिन सोडले आणि २००५ पर्यंत सगळ्या देशाने. त्याच सुमारास, २००४ साली, पिण्याच्या पाण्याचा पुरवठा केवळ सार्वजनिक मालकीच्या संस्थांनीच करावा, असा कायदा तेथे झाला. आपल्याला तेथे उडी मारता येणार नाही. नळ तासभर सुरू आणि तेवीस तास रिकामा असला, की त्या रिकाम्या नळात शेजारच्या गटाराचे पाणी शोषले जाते; अशा व्यवस्थेत शेवटच्या तोटीपर्यंत उरणारे क्लोरिन हाच गरिबाचा एकमेव पहारेकरी आहे. त्याला काढण्याची मागणी कोणी करू नये. त्याच्यावरील कामाचा बोजा कमी करा, अशी मागणी करता येते : तुरटीने गाळ व सेंद्रिय द्रव्ये नीट बसवून आणि वाळूच्या गाळण्या वेळेवर धुऊन मगच क्लोरिन द्यावे, कच्च्या पाण्यात ते ओतण्याची प्रथा शक्य तेथे बंद करावी, गळके नळ बदलावेत, आणि वरच्या शहराचा मैला खालच्या शहराच्या पाण्यात येऊ देऊ नये. यांतील पहिली कामे नगरपालिकेच्या आवाक्यातली आहेत. शेवटचे काम राज्य शासनाला पुण्याकडून करवून घ्यावे लागेल, आणि तेथेच राजकारणाचा कस लागेल.

मृणाल गोरे यांना गोरेगावच्या वस्त्यांनी 'पाणीवाली बाई' ही पदवी दिली, त्या काळी लढा नळ मिळविण्याचा होता. तो पुष्कळ ठिकाणी अजून संपलेला नाही. परंतु जेथे नळ आला आहे तेथे त्यातून काय येते हे जाणण्याचा हक्क हा त्याच लढ्याचा पुढचा टप्पा आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या १०५०० क्रमांकाच्या मानकात २०१२ पासून क्लोरोफॉर्मसाठी लिटरमागे २०० आणि ब्रोमोडायक्लोरोमिथेनसाठी ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. नळाच्या पाण्यासाठी ते मानक पाळणे कायद्याने बंधनकारक केलेले नाही. ते बंधनकारक व्हावे, आणि शिल्लक क्लोरिन, अमोनिया व ट्रायहॅलोमिथेन यांचे आकडे प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लागावेत, ही मागणी प्रत्येक नगरपालिकेत ठरावाच्या रूपाने मांडता येईल. खेड्यांत ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो आणि ओटी चाचणीने पाण्याचा पिवळा रंग पाहतो. पावडरीचे पोते उघडे राहून निकामी झाले आहे काय, एवढे पाहणे कोणत्याही शाखेला अवघड नाही. शहरांतील कार्यकर्त्यांनी नमुन्याची जागा मागून घ्यावी. शुद्धीकरण केंद्राच्या दाराशी घेतलेला नमुना नेहमीच उत्तीर्ण होतो. नळाच्या अगदी शेवटच्या टोकाला, जेथे पाणी सर्वांत जुने होऊन पोहोचते, तेथे क्लोरिन सर्वांत कमी आणि ट्रायहॅलोमिथेन बहुधा सर्वांत अधिक असते. आणि आपल्या शहरांत त्या टोकाला बहुतेक वेळा झोपडपट्टी असते. पहिली बाटली तेथे भरावी.